सोळा अंशांचा कुर्ता

"हलू नको."

"मी हलत नाहीये."

"मग चौकडी का हललीय?"

मी दुकानातल्या आरशासमोर दोन्ही हात अंगाला चिकटवून उभी होते आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्या मागे तोंडात टाचण्या धरून उभे होते. तोंडात सहा टाचण्या असताना स्पष्ट मराठी बोलणारा तासगावात दुसरा माणूस नव्हता.

"श्वास घेतलास का?"

"घेतला."

"सोड. आता घेऊ नको."

मी सोडला. चौकडी होती तिथेच राहिली, म्हणजे वाकडी.

मी दहावीत गेले त्या वर्षी आमच्या शाळेने मुलींचा गणवेश बदलला. आधी साधा आकाशी कुर्ता होता, आता निळ्या-पांढऱ्या चौकडीचा आला. का, ते शाळेने कुणाला सांगितलं नाही. साध्या कापडात माणूस कसाही उभा राहिला तरी खपून जातं. चौकडीत तो आलेखाच्या कागदावर उभा असतो.

खरं तर अण्णांना ह्याचा आनंद व्हायला हवा होता. 'लचके टेलर्स'चं नाव होतं ते चौकडीमुळेच. बाजूच्या शिवणीवर, खांद्यावर, खिशावर रेघेला रेघ अशी मिळायची की अण्णांनी शिवलेल्या शर्टाचा खिसा शोधावा लागे. एकदा तहसील कचेरीतले एक साहेब खिसा शिवलाच नाही म्हणून शर्ट परत घेऊन आले होते. अण्णांनी त्यांचा हात धरला आणि खिशात घातला.

त्या जुलैत त्यांनी आमच्या शाळेतल्या चाळीस मुलींचे कुर्ते शिवले. चाळीसही बसले. एकेचाळिसावा माझा. तो उजवीकडे वर चढायचा आणि डावीकडे उतरायचा. अण्णांनी उसवला, पुन्हा शिवला, पुन्हा कलला. मग नवं कापड घेऊन नवा कापला. तोही कलला, आणि त्याच बाजूला. आज अंगावर होता तो तिसरा.

अण्णांनी टाचण्या काढून डबीत टाकल्या आणि मशीनच्या स्टुलावर बसले.

"हात गेला," ते म्हणाले.

"कुणाचा?"

"माझा."

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. तो होता तिथे होता.

"अण्णा, चाळीस बरोबर आले की."

"परक्याचं काम करताना हात सावध असतो. घरचं माणूस समोर आलं की खरं काय ते कळतं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पंधरा ऑगस्टला तू सगळ्या गावासमोर उभी राहणार. पोरगी माझी, कटिंग माझं. तोवर हा बसला नाही तर कात्री ठेवली. फॉल लावीन, चेन बदलीन, पण कापणार नाही."

अण्णा असं बोलले की तसं करत. कधीकाळी एका सलूनवाल्याला 'तुझ्याकडे पुन्हा येणार नाही' असं म्हणाले होते. सलूनवाला वारला, त्याचा मुलगा बसायला लागला, दुकानाचं नाव बदललं, तरी गेले नाहीत. त्यांचे केस आई कापायची. गावात सगळ्यांना ते दिसायचं.

म्हणजे त्या महिन्यात आमच्या घरात दोन आजार होते. एक अण्णांचा हात आणि दुसरा माझी पाठ.

माझी पाठ आधीपासूनच दुखत होती. उजव्या खवाट्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या हाडाच्या खाली, हात पोचत नाही अशा जागी. फार मोठं दुखणं नव्हतं. पाहुणा येतो आणि मग बसतो. हे मी बसले की यायचं. अभ्यासाला बसलं की हमखास, टीव्हीसमोर बसलं की जरा उशिरा. त्यामुळे मला नक्की काही सांगता येईना. हे दुखणं आहे की आळस, आणि आळसाला असं ठणकतं का, हे विचारायचं तरी कुणाला?

"बाक काढून बसतीस, मग दुखणार नाही तर काय होणार?" आई म्हणायची.

"दप्तर बघ केवढं," अण्णा म्हणायचे.

मी ताठ बसून पाहिलं. दप्तर डाव्या खांद्यावर घेऊन पाहिलं, मग उजव्या, मग पोटावर घेऊन शाळेत गेले. पाठ दुखायची ती दुखलीच, शिवाय लोक हसले.

दोन्ही आजारांवर एकाच वेळी उपचार चालले होते, पण वेगवेगळ्या खोल्यांत. आतल्या खोलीत आई मला तिळाचं तेल लावायची, ओव्याच्या पुरचुंडीने शेकायची. आधी गादी काढून सतरंजीवर झोपवलं, मग सतरंजी काढून गादीवर. बाहेर दुकानात अण्णांनी नवा चष्मा केला, कात्रीला धार लावून आणली, आपला टेप दुसऱ्या दुकानातल्या टेपला लावून ताडून पाहिला. मग त्यांना शंका आली की कापायचं टेबलच कललेलं असेल. त्यांनी टेबलाच्या मधोमध एक गोटी ठेवली आणि दोन पावलं मागे सरकून वाट बघत राहिले. गोटी जागची हलली नाही. अण्णांचा चेहरा पडला.

ह्या दोन आजारांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी नववीत विज्ञानात शहाण्णव मिळवले होते.

ऑगस्ट लागला तेव्हा आईने जाहीर केलं, "ही उसण आहे. तेलाने जायची नाही. पायाळू माणसाचा पाय लागला पाहिजे."

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. अशा माणसाने दुखऱ्या पाठीला तीनदा पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. त्यात त्या माणसाचं कर्तृत्व काही नसतं. तो जन्मताना उलटा होता, एवढीच पात्रता.

"आता पायाळू कुठनं आणायचा?" अण्णांनी विचारलं.

"आणायचा कशाला? हिचे मुळीक सर आहेत की."

मुळीक सर आम्हाला भूमिती शिकवायचे.

मी म्हटलं, "आई, मी त्यांचा गृहपाठ दिलेला नाहीये."

"मग तर लाथ बसलीच पाहिजे," आई म्हणाली.

रविवारी सकाळी अण्णा मला घेऊन निघाले. त्यांनी मला तो कच्चा शिवलेला कुर्ताच घालायला लावला होता. चालताना चौकडी नेमकी कुठे घसरते ते त्यांना बघायचं होतं. त्यामुळे मी पुढे आणि ते चार पावलं मागे, माझ्या पाठीवर नजर लावून, असे आम्ही बाजारपेठेतून गेलो. मध्येच ते ओरडायचे, "थांब! हां, चल." समोरून येणाऱ्या माणसांना वाटत असावं की मी पळून जायची शक्यता आहे.

मुळीक सरांच्या अंगणात एक ट्रॅक्टरवाला आधीच कमरेला हात लावून उभा होता. सर लुंगीवर होते. त्यांनी पाय धुतला, ट्रॅक्टरवाल्याच्या कमरेला तीनदा लावला, ट्रॅक्टरवाला वाकून पाया पडला आणि निघून गेला. हे सगळं होईपर्यंत सरांनी डोळे मिटून घेतले होते. एम.एस्सी. झालेल्या माणसाला हे उघड्या डोळ्यांनी जमत नसावं.

डोळे उघडले तर समोर मी.

"हर्षदा? वही आणलीस?"

"नाही सर. पाठ आणलीय."

सरांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी हात जोडले. "उसण भरलीय सर. दोन महिने झाले."

"मास्तर, माझा ह्यावर विश्वास नाही," सर हळू आवाजात अण्णांना म्हणाले. शिंप्यालाही आमच्याकडे मास्तरच म्हणतात. "आमच्या आईने गावभर सांगून ठेवलंय, लोक येतात, नाही म्हणता येत नाही."

"विश्वास असायला पाहिजे असं काही नाही ना?"

"नाही, तसं काही नसतं म्हणतात."

"मग लावा."

मी पाठ करून उभी राहिले. मागे पाणी ओतल्याचा आवाज आला. मग ओला, गार पाय उजव्या खवाट्याखाली लागला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा सरांचा तोल गेला आणि मी दोन पावलं पुढे गेले.

"सॉरी," सर म्हणाले.

"असू दे सर."

आता पाया पडायचं होतं. मी वळले, पाय जुळवले आणि खाली वाकले. माझी बोटं सरांच्या अंगठ्याला लागली, मी उठणार तेवढ्यात वरून आवाज आला, "थांब."

मी थांबले.

"तशीच थांब. उठू नको. मास्तर, जरा इकडे या. माझ्या जागेवर उभे राहा."

मला फक्त पाय दिसत होते. सरांचा एक ओला पाय, एक कोरडा पाय, मग शेजारी अण्णांच्या चपला.

"काय दिसतं?" सरांनी विचारलं.

"चौकडी कललीय. माहीत आहे मला. तिसरा कुर्ता हा माझा..."

"कुर्ता बघू नका हो. कुर्त्याच्या खाली बघा. ही बाजू आणि ही बाजू."

मग सर आत जाऊन फळ्यावर वापरायची लांब लाकडी पट्टी घेऊन आले आणि माझ्या पाठीवर आडवी ठेवली. ती उजवीकडे उचलली गेली असावी, कारण अण्णांनी डावीकडच्या टोकाखाली बोट घातलं. मग दोन बोटं.

"दोन बोटांचा फरक," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"सर, उठू का?" मी विचारलं.

"एक मिनिट. मास्तर, पक्ष काय? तर कापड सरळ. रेषा समांतर. मी रेषाच शिकवतो, मला कळतं. मग साध्य काय?"

अण्णांना भूमितीतलं पक्ष-साध्य माहीत नव्हतं. ते म्हणाले, "म्हणजे कटिंग..."

"कटिंग बरोबर आहे हो तुमचं. कणा वळलाय पोरीचा. पाय लावून जायचं काम नाही हे. उद्याच्या उद्या मिरजेला नेऊन डॉक्टरांना दाखवा."

एवढ्यात फाटकाशी एक म्हातारे आजोबा कंबर धरून येऊन उभे राहिले होते. त्यांनी भूमितीच्या सरांच्या पायाशी वाकून थांबलेली मुलगी, तिच्या पाठीवर पट्टी आणि डोळे पुसणारा बाप, असं दृश्य पाहिलं आणि विचारलं, "एवढं करायला लागतं व्हय?" आणि उत्तराची वाट न बघता परत गेले. कंबर सोडून, चांगले झपझप चालत.

परत येताना अण्णा माझ्यापुढे चालत होते. महिन्याभरात पहिल्यांदाच. खांदे वर, मान ताठ. चौकातल्या सलूनवाल्याच्या मुलालासुद्धा त्यांनी हात केला. मी मागे चालत होते आणि मला काहीच कळत नव्हतं. माझा कणा वाकडा निघाला होता आणि माझे वडील शीळ घालत होते.

घरी आईने दारातच विचारलं, "बरं वाटलं का?"

"एकदम," अण्णा म्हणाले.

"मी तिला विचारतीय."

मिरजेच्या दवाखान्यात खिडकीमागे एक मुलगा केसपेपर काढत होता. मान खाली घालून त्याने विचारलं, "नाव?"

"लचके," अण्णा म्हणाले.

"तक्रार आत सांगा. इथं नाव."

"नावच लचके."

त्याने मान वर केली, आमच्या तिघांच्या चेहऱ्यावर गंमत दिसते का ते पाहिलं. कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. त्याने लिहून घेतलं.

आतल्या डॉक्टरबाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. मी माझा कणा पहिल्यांदा बघत होते. तो सरळ वर येता येता मध्येच उजवीकडे वळला होता, जणू कुणी हाक मारली, आणि मग आपल्याला नव्हे हे कळल्यावर पुन्हा मधे आला होता.

"सोळा अंश," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे सौम्य आहे. घाबरण्यासारखं काही नाही."

"सरळ होईल का?" आईने विचारलं.

"सरळ व्हायच्या मागे लागायचं नाही. वाढत नाही ना, एवढं बघायचं. दर सहा महिन्यांनी फोटो काढू. व्यायाम शिकवते ते रोज करायचे, पाठीला बळ आलं की दुखणं कमी होईल. फार वेळ एका जागी बसायचं नाही, फार वेळ ताटकळत उभं राहायचं नाही. शाळेला चिठ्ठी देते."

"बाक काढून बसते ना, म्हणून झालं."

"नाही."

"मग दप्तर?"

"नाही. दप्तराने असं होत नाही."

"मग कशाने?"

"बऱ्याच मुलींमध्ये कारण सापडतच नाही, आई. कुणाचीही चूक नाही ह्यात."

दोन महिने रागावून झाल्यावर चूक कुणाचीच नाही हे कळणं आईला जड गेलं. मलाही. निदान दप्तर तरी दोषी निघावं अशी माझी फार इच्छा होती.

अण्णांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ते फोटोजवळ गेले होते. खिशातून टेप काढून त्यांनी माझ्या कण्याला लावला.

"अहो, काय करताय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"वळण कितव्या मणक्यापासून सुरू होतं, ते बघतोय."

"फोटोतलं माप खरं नसतं. लहान-मोठं होतं त्यात."

"असू दे. अंदाज येतो." त्यांनी टेप गुंडाळला आणि आईकडे वळून म्हणाले, "बघितलंस? माझं कटिंग बरोबर होतं."

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की डॉक्टरबाईंनीच खुर्ची मागे घेतली.

त्या रात्री जेवायला आई अण्णांशी बोलली नाही. अण्णांना ते कळलं नाही. ते ताटातल्या भाकरीवर बोटाने रेघा ओढत होते.

चौथा कुर्ता त्यांनी दोन दिवसांत शिवला. मी आयुष्यात बरंच शिवणकाम पाहिलंय, पण तसं काम पुन्हा पाहिलं नाही. उजव्या बाहीचा मुंढा अर्धं बोट वर, डावी बाजू पाव इंच आखूड, पाठीचं कापड मधोमध अगदी किंचित तिरपं. टेबलावर पसरला की तो कुर्ता एखादा अपघात झाल्यासारखा दिसायचा. माझ्या अंगावर चढला की सगळ्या रेघा ताठ. मला वाटलं आरशात दुसरंच कुणीतरी आहे.

"वाकड्यावर सरळ दिसायचं तर सरळ कापून चालत नाही," अण्णा माझ्याभोवती फिरत म्हणाले. "बघ, आता कोण म्हणेल?"

आई मागून आली. दारात थांबून तिने पाहिलं आणि तिने अण्णांशी बोलायला सुरुवात केली. "बाई, कळतसुद्धा नाही," ती म्हणाली. "कुणाला सांगायचंच कारण नाही आता."

मीही आरशात बघत होते. खवाट्याखाली ठणकत होतं. आरशात ते कुठेच नव्हतं.

पंधरा ऑगस्टला आम्ही ग्राउंडवर रांगेत उभे राहिलो. अण्णा पालकांमध्ये पहिल्या ओळीत होते, इस्त्रीचा सदरा घालून. खेळाचे गायकवाड सर रांगा बघत बघत आले आणि माझ्यापाशी थांबले.

"लचके, पुढं ये."

मी पुढे गेले.

"सगळ्यांनी बघा हिच्याकडं! उभं कसं राहायचं? असं! एक रेघ इकडं-तिकडं आहे का? नाहीतर तुम्ही, वाऱ्यावर वाळत घातल्यासारखे!"

पाचशे मुलांनी माझ्याकडे बघून आपले कणे सरळ केले.

झेंडा फडकला. मग भाषणं सुरू झाली. पहिल्या भाषणात पाठ दुखायला लागली. दुसऱ्या भाषणात खवाट्याखाली कुणीतरी किल्ली फिरवतंय असं वाटायला लागलं. तिसरे वक्ते 'थोडक्यात' असं म्हणून उभे राहिले तेव्हा मी गायकवाड सरांना खुणेने बोलावलं.

"सर, मी बसू का? पाठ दुखतीय."

"तुझी? अगं, तू तर सगळ्यांत ताठ."

"सर, डॉक्टरांची चिठ्ठी आहे. कणा वाकडा आहे माझा."

"कुठं?" सर माझ्या मागे जाऊन उभे राहिले. खांद्यापासून खालपर्यंत पाहिलं. रेघेला रेघ होती. "नाटकं करू नको, लचके. दहाच मिनिटं राहिलीत."

चिठ्ठी माझ्या खिशात होती. काढून द्यायची, एवढंच होतं. पण सर इतक्या खात्रीने बोलले होते, पाचशे मुलं माझ्याकडे बघून उभी होती आणि समोर अण्णा कुणाला तरी बोटाने माझी चौकडी दाखवत होते. मला वाटलं, नसेलही दुखत. इतक्या जणांना दिसत नाही म्हणजे कदाचित माझीच काहीतरी गडबड असेल. मी उभी राहिले. दहा मिनिटं पस्तीस मिनिटं चालली. शेवटी वंदे मातरम् झालं तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि एका पाहुण्यांनी 'देशप्रेम असं असावं' म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुकानात आले तर अण्णा पेढे वाटत होते.

"पाच जणांनी विचारलं," ते म्हणाले. "पाच! कुणाकडे शिवलाय म्हणून."

"अण्णा, हा उसवा."

"का? कुठं टोचतंय?"

"कुठंच नाही."

"मग चुकलंय काय?"

"काही चुकलेलं नाही. म्हणूनच उसवा." मग मी त्यांना गायकवाड सरांचं सांगितलं. अण्णांनी पेढ्याचा पुडा बंद केला.

"उद्या येतो शाळेत. चिठ्ठी मी देतो."

"उद्या द्याल. परवा दुसरे सर येतील, मग बसमध्ये कुणी बाई येईल, मग कॉलेज. सगळे आधी मागून बघणार आणि म्हणणार, कुठं काय? तुम्ही इतकं चांगलं शिवलंय की मलाच खोटं वाटायला लागलंय."

"मग काय करू म्हणतीस?"

"त्या चाळीस जणींचा शिवलात तसा शिवा. साधा. सरळ कापा. मग तो जसा पडेल तसा पडू दे."

अण्णा स्टुलावर बसले. "कळतंय का तुला काय मागतीस? सरळ कापला की अंगावर वाकडा दिसणार. लोक तुझी पाठ बघणार नाहीत, माझी शिलाई बघणार. लचके मास्तरच्या पोरीच्या अंगावर वाकडी चौकडी! दुकानाची पाटी आहेस तू, हर्षदा."

"मी पाटी आहे?"

त्यांनी पेढ्याचा पुडा पुन्हा उघडला. मला एक दिला आणि मी तो खाल्ला, कारण दुसरं काय करायचं ते दोघांनाही सुचलं नव्हतं.

आठवडाभर मी तोच ताठ कुर्ता घालून शाळेत गेले. नंतरच्या रविवारी सकाळी दुकानात खिळ्याला एक नवा अडकवलेला होता. मी घातला. उजवीकडे चढला, डावीकडे उतरला. अण्णांनी एकदा पाहिलं आणि मान खाली घालून मशीन चालवायला लागले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शाळा सुटल्यावर मी दुकानात आले, तेव्हा डुबल काकू बसल्या होत्या. मुलाच्या साखरपुड्यासाठी चौकडीचं कापड घेऊन आल्या होत्या, सगळ्या भावांना एकसारखे शर्ट, पाच नग. कापड टेबलावर उलगडलेलं होतं. काकूंनी मला वरून खाली पाहिलं, मग माझ्याभोवती फिरून मागून पाहिलं.

"मास्तर, रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण पोरीची चौकडी एका अंगाला उतरलीय की हो. नजर कमी झाली काय तुमची?" आणि बोलता बोलता टेबलावरचं कापड हळूच गोळा करायला लागल्या.

अण्णांच्या तोंडात टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या ठेवून बोलू शकणारा तो माणूस, पण त्यांनी त्या काढल्या. काढून हातात धरल्या.

"नजर चांगली आहे काकू. चौकडीही बरोबर आहे," ते म्हणाले. "हिच्या कण्यात वाक आहे. सोळा अंशांचा. दुखतं तिला."

काकूंचा हात कापडावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे ह्या वेळेस तोंडाकडे.

"व्हय गं? दुखतं?"

"हो," मी म्हटलं. इतक्या महिन्यांत मला असं सरळ कुणी विचारलेलंच नव्हतं, त्यामुळे पुढे काय सांगायचं ते मला येईना. "बसलं की दुखतं. उभं राहिलं तरी. आडवी झाले की नाही."

"अगं बाई," काकू म्हणाल्या आणि स्टुलावरून उठून त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. मग कापडाची घडी घातली, पिशवीत ठेवली. "बघते मास्तर. पाहुण्यांना विचारून सांगते कुणाकडं टाकायचं ते."

"बरं," अण्णा म्हणाले.

काकू गेल्या. नंतर साखरपुड्याचे ते पाचही शर्ट मी पाहिले, दुसरीकडून शिवलेले. खिसे लांबूनसुद्धा दिसत होते.

"अण्णा, कापड गेलं," मी म्हटलं.

"गेलं."

टाचण्या अजून त्यांच्या मुठीतच होत्या. त्यांनी त्या टेबलावर ठेवल्या, हात सदऱ्याला पुसला आणि माझ्याजवळ आले.

"आत्ता दुखतंय?"

"हो."

"कुठं?"

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि हात मागे नेऊन दाखवायला गेले. हात पोचला नाही. त्यांनी चौकडीवर बोट ठेवलं.

"इथं?"

"अजून खाली."

"इथं?"

"जरा उजवीकडे."

"इथं?"

"हो," मी म्हटलं. "इथं."